पाणीपाळीचा आवाज

सोमवार, १० नोव्हेंबर, कोल्हार

आज रुजू झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या सत्काराच्या बातम्या लिहिल्या. दैनिक बंद पडलं तेव्हा शाल-श्रीफळापैकी मला नुसतं श्रीफळ मिळालं. आता या वयात सॉफ्टवेअरमध्ये आलोय. ऐकून लेक सुकन्या फोनवर इतकी हसली, की मलाही माझं कौतुक वाटलं.

काम साधं आहे. कालव्याला पाणी सुटलं की ज्याची पाळी त्याला इथल्या पाणीवापर संस्थेचा फोन जातो: अमुक अमुक, तुमचं पाणी उद्या सकाळी. आतापर्यंत त्यात ग्लोरियाबाईंचा आवाज होता. आता नवी गावं, नवी नावं आली. त्यांना आवाज माझा. शिवाय हे सगळं चालतं कसं, त्याची मराठीत पुस्तिका लिहायची. सॉफ्टवेअर सांभाळणारा आमोस इथलाच, पुण्याला नोकरी करून परतलेला. माझं बोलणं ऐकून म्हणाला, सर, आवाज लई भारी हाय तुमचा, मेलेला मानूस उठून पानी धरंल.

खोली ग्लोरियाबाईंकडेच मिळाली, चर्चमागच्या गल्लीत. निवृत्त शाळामास्तरीण. बोलत मात्र नाहीत. आमोस म्हणतो, बाईंनी मौन धरलंय. आम्हा संस्कृतवाल्यांत मौनाचे गोडवे गाणारे पुष्कळ. पाळणारं माणूस आज प्रथम पाहिलं. भाकरी उत्तम करतात.

सुकन्याचं लग्न मार्गशीर्षात, नाशिकला. मंगलाष्टकं मी रचली आहेत, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिचं नाव. ती मीच म्हणायची, अशी तिची अट. भटजींनी म्हटली तर अंतरपाटाआडून निघून जाईन, अशी धमकी आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बिल्ड म्हणजे काय ते आज कळलं. कोणती वस्तू कशापासून होते, ते एका फाइलीत नियम करून लिहायचं. आवाजाच्या तुकड्यांपासून वाक्य, वाक्यांपासून निरोप, निरोपापासून फोन. मग नुसती आज्ञा द्यायची. हा बिल्ड नावाचा गडी पार मुळापर्यंत जाऊन बघतो आणि जे बदललं असेल तेवढंच पुन्हा घडवतो. म्हणजे आमच्या न्यायशास्त्रातली माती, कुंभार आणि घडा! पंडितांनी ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेंड्या उपटल्या, ते आमोसने चहा निवायच्या आत उरकलं.

पहिली बिल्ड माझ्या हातून फसली. ओळीच्या सुरुवातीला टॅबचं बटण दाबायचं, ते न दाबता मी मोकळ्या जागा सोडल्या. दिसायला दोन्ही सारखंच. पण या गड्याचं सोवळं कडक, शिवलं की संपलं. टॅब दिल्यावर पावला. पुन्हा चालवून बघितला तर म्हणाला, सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. हे उत्तर मी कचेऱ्यांतून आयुष्यभर ऐकलं. खरं असलेलं आज पहिल्यांदा.

पुस्तिकेसाठी आणखी एक टिपलं. शेवटची वस्तू तयार झाली की मधल्या वस्तू हा आपणहून पुसून टाकतो. आमोस म्हणाला, स्लॅब धरला की सेंट्रिंगच्या फळ्या काढत्यात ना सर, तसं. उगा जागा खात्यात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग झालं. पद्धत मजेशीर आहे. कानात ग्लोरियाबाईंचा जुना आवाज लावायचा आणि त्यांच्यामागून त्यांच्याच ठेक्यात म्हणायचं. लोकांना बाईंची सवय झालेली, नवा आवाज उपरा वाटू नये म्हणून. वार म्हटले, आकडे म्हटले, गावं आणि माणसांची नावं म्हटली. बाकीचं वाक्य नंतर, तोवर बाईंचंच.

चाचणीसाठी कुणाचं तरी नाव हवं होतं. आमोस म्हणाला, अबक टाका. मी अडलो. आमच्या घरी नवं जातं मांडलं तर पहिला घास जित्याजागत्या, आपल्या माणसाच्या नावाने घालतात; खोट्या नावाने सुरुवात केली तर पीठ लाभत नाही म्हणायचे. आमोसने डोक्याला हात लावला. सर, हे मशीन हाय, जातं न्हाई. मी ऐकलं नाही. सुकन्याचं नाव उच्चारलं, तिचाच नंबर टाकला. नाशिकला फोन वाजला. लगेच तिचा उलटा फोन: बाबा, माझं पाणी उद्या आहे म्हणे, शेत कुठे घेतलंत ते तरी सांगा!

घरी येऊन हे ग्लोरियाबाईंना रंगवून सांगितलं. त्या परातीपुढून उठल्या आणि पिठाचा हात माझ्या तोंडावर गच्च दाबून धरला. बराच वेळ. विचित्र बाई आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज गंमत झाली. नेवाशाला जायला एसटीत बसलो, कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं, आणि गावाचं नाव तोंडातून निघेना. डोक्यात आहे, इथे लिहितोय, जिभेवर नाही. शेवटी पाटीकडे बोट दाखवलं. कंडक्टर शेजारणीला म्हणाला, आजोबा मुकं हायत, सरकून घ्या. मुका चालेल, आजोबा लागलं.

परतल्यावर भाजीवालीने आज कोणता वार विचारलं. तोही सांगता येईना.

आमोस म्हणतो घसा बसलाय, हळद-दूध घ्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

घसा नाही. आज सगळं तपासून पाहिलं. जे शब्द मी रेकॉर्ड केले, नेमके तेच गेलेत. वार, आकडे, गावं, नावं. इतर सगळं खडखडीत येतं. अख्खे धातू चालवून पाहिले, रामः रामौ रामाः म्हणून पाहिलं, ठणठणीत. मंगलाष्टकं म्हणायला घेतली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी पडलेल्या दातासारखी फट.

संध्याकाळी सुकन्याचा फोन. मी बाळ, बाळ म्हणत राहिलो. तिने विचारलं, बाबा, चिडलात का? नावाने का हाक मारत नाही?

समोरच्या ओट्यावर कुणाच्या तरी फोनमध्ये ग्लोरियाबाईंचा जुना आवाज पाणीपाळी सांगत होता. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. तंतोतंत. घशातून मात्र वारासुद्धा नाही.

मौन धरलेलं नाही बाईंनी.

नोव्हेंबर

वर वार नाही, तारीख नाही. लिहायला हात उठत नाही. बोलताना येत नव्हतंच, आता लिहितानाही नाही.

काय झालं ते नीट मांडतो. काल आमोसकडे गेलो. जितकं सांगता आलं तितकं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, असं करू, सगळं पुसू. बिल्डमध्ये सफाईची आज्ञा असते. घडवलेलं सगळं पुसते, मूळ वस्तूंना हात लावत नाही. मी खूश झालो. घडा फुटेल, माती राहील, आणि माती मीच. आज्ञा माझ्या हातानेच दिली.

मग पोरीला नावाने हाक मारून पाहिली. नाही.

आमोस स्क्रीनकडे बघत होता. म्हणाला, सर, तुमचं रेकॉर्डिंगबी पुसलं. बाईंच्या मागून म्हनलं ना तुमी, मशीननं तुमाला बाईंपासून घडवलेलं धरलंय. बाई मूळ. तुमी मधले.

म्हणाला, टेन्शन घेऊ नका, पुन्हा घडंल आपोआप.

घडलं. मी माइकपुढे बसलो नव्हतो. तरी घडलं.

घरी येऊन वही उघडली आणि पोरीचं नाव लिहायला गेलो—

दुसऱ्या दिवशी

गावभर फोन वाजतायत. माझा आवाज. वार सांगतो, आकडे सांगतो, आणि पुढचं वाक्य — जे मी कधी म्हटलंच नाही — तेही. ओट्यावरचा म्हातारा म्हणत होता, नवा मानूस हाय पन बाईवानीच ग्वाड बोलतो.

आमोसला सांगितलं, बंद कर. म्हणाला, बंद केलंय सर. कवाच बंद केलंय.

रात्र उलटल्यावर

पोरीचा फोन. रडत होती, आनंदाने. म्हणाली, बाबा, काल तुम्ही फोनवर अख्खी मंगलाष्टकं म्हटलीत. शेवटी माझं नाव किती गोड घेतलंत. इतकं स्पष्ट कधीच —

मी ओरडलो. तो मी नव्हतो बाळ.

बाळ, हा शब्द तर मी रेकॉर्ड केला नव्हता. तोही नाही आला. काहीच नाही.

हॅलो, हॅलो, म्हणाली. रेंज नाही वाटतं, म्हणाली. ठेवला.

नाशिकला जातो. प्रत्यक्ष. तोंड नसलं तरी चेहरा आहे. बाई पिशवी भरून देतायत. भाकरी बांधली आहे.

थोड्या वेळाने

स्टँडवर गाडी थांबली नाही. हात केला. ड्रायव्हरने आरपार पाहिलं.

परतलो. आमोस येऊन गेला. दारातून हाका मारत होता, सर, कुठं हायसा? शेवटची वस्तू झाली बगा, काम संपलं! मी समोर खाटेवर. त्याच्या खिशातल्या फोनमधून उत्तर आलं — इथेच आहे रे. नाशिकला निघतोय. लग्न आहे.

माझ्याच आवाजात. हसत.

तो म्हणाला, बरं बरं, सावकाश जावा. आणि गेला.

सेंट्रिंग काढतात. उगा जागा —

संध्याकाळ

बाईंनी मनगट धरलंय. त्यांची बोटं एकमेकांना भिडतात, मधे काही नसल्यासारखी. तरी सोडत नाहीत. लेखणी चालते आहे तोवर

आवाज पोचला असेल तिकडे. ती दार उघडेल. बाबा म्हणेल त्याला

हा कागद बाई नेतील. त्या मूळ, त्यांना पुसत नाही. फक्त तुझं नाव लिहितो, माझ्या हातचं, म्हणजे तुला कळेल खरा मी कोणता. हात उठत नाही पण लिहितो. हे बघ

सु