नव्या पाहुण्यांनी पुढे यावे

रविवार, ४ मे

आज चर्चमध्ये मागच्या बाकावर एक नवी बाई! सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. दाराला अगदी चिकटून बसलेली. मी हातच धरला — "पुढे चला, इथे वारा लागतो." तर म्हणते, "नको ताई, बरंय इथंच."

नको म्हणजे काय? आपल्या मंडळीत नवा माणूस आला की त्याने पुढे यायचं, नाव सांगायचं, सगळ्यांनी उभं राहून स्वागताचं गीत म्हणायचं आणि मग वेदीजवळ फोटो. ही पद्धत पाडली कुणी? मी! जवळजवळ ओढतच नेलं तिला. नाव इतकं हळू सांगितलं की पाळकांना पुन्हा विचारावं लागलं. मुलीने आईच्या ओढणीत तोंड खुपसलेलं. फोटो मात्र झकास आलाय. दोघींच्या मध्ये मी, बत्तीशी दाखवत. संध्याकाळी मंडळीच्या फेसबुकवर टाकलासुद्धा.

हे म्हणाले, "तू दारात उभी असलीस की वाऱ्यालाही नाव सांगूनच आत यावं लागतं." जळतात मेले!

रविवार, ११ मे

आली नाही. एवढं डोक्यावर घेतलं, आणि बाई फिरकल्यासुद्धा नाहीत. राग आला. का येऊ नये?

बुधवार, १४ मे

मी काम करते त्या औषधांच्या दुकानात ती आली. मी काउंटरवर होते. गिऱ्हाईकं जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली, मग म्हणाली, "ताई, तो फोटो काढून टाका. पाया पडते."

दुकान मालकाच्या गळ्यात टाकून तिला घरी सोडायला गेले. धोबीखान्याच्या वर एकच खोली. आत गेल्या गेल्या तिने टेबल सरकवून दाराला लावलं. मुलीने न सांगता दुसऱ्या बाजूने ढकललं. सवयीने! नवऱ्यापासून पळून आलीय. त्याने मनगट मोडलं होतं तिचं, मुलीच्या डोळ्यांदेखत. "मारून झालं की रडतो. इतका रडतो की मीच त्याला पाणी द्यायचे."

तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून टाकला. पण त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं — "अगंबाई, इकडे आहेस होय!" तिची नणंद.



शनिवार, १७ मे

तिची खोली बदलली. यांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून तिच्या गाद्या बांधायला घेतल्या. नवी जागा कुठे ते इथेही लिहीत नाही.

रविवार, २५ मे

तो आला.

इस्त्रीचा शर्ट, हातात बायबल. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "ताई, माझी माणसं इथं येतात म्हणे." मी म्हटलं, "नाही बुवा, कुणी नाही." देवाच्या दारात उभी राहून खोटं बोलले, आणि जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मग पाळकांनी नेहमीप्रमाणे नव्या पाहुण्यांना पुढे बोलावलं. हा गेला. नाव खणखणीत सांगितलं. "मी पापी माणूस आहे, माझं घर मोडलंय," म्हणाला आणि ढसाढसा रडला. सगळी मंडळी उभी राहून गात होती. बायका डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले! हेच मला छळतंय. सगळं माहीत असून मला त्याची दया आली. कुणीतरी त्याला पाणी नेऊन दिलं.

मंगळवार, २७ मे

पाळकांनी बोलावलं. मी तिची गोष्ट सगळी सांगितली, मनगटासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण तो पश्चात्ताप करतोय. तुम्हाला पत्ता माहीत आहे. दोघांना समोरासमोर बसवू. घर जुळवणं हेही स्वागतच."

म्हटलं, "पत्ता नाही देणार."

"मग देवाच्या घरात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे तुम्ही ठरवणार का, बाई?"

उठून घरी आले. इतकी वर्षं त्या दारात कुणालाही अडवलं नाही, हाच माझा मोठा अभिमान! माणूस खरंच बदलला असेल तर? आणि नसेल तर मनगट कुणाचं मोडणार — पाळकांचं?

रविवार, १ जून

पाळक म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या. दाराचं आम्ही बघतो." गोड बोलून काढलं मला. खांद्यावरचा स्वागताचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांत मागे जाऊन बसले. तो पुढे, मंडळीच्या पंचांच्या शेजारी. उपासना संपल्यावर खुर्च्या उचलायला सगळ्यांत आधी धावला. "काय गुणी माणूस!" — आमच्या गायनाच्या बाई.

शुक्रवार, ६ जून

तिच्याकडे गेले होते. गल्लीबोळांतून, मागे बघत बघत. मुलीने दाराआडून आधी माझा आवाज ओळखला, मग टेबल सरकवलं. चहा झाला. ती म्हणाली, "ताई, तिला ते गाणं आवडलं होतं. पुन्हा कधी नेता येईल का हो? मागेच बसू. नाव नाही सांगणार."

म्हटलं, "नेईन. आधी दारात कोण आहे ते बघून येते."

रविवार, ८ जून

दारात तो होता. माझा पट्टा घालून. "या, या, ताई! एकट्याच?"

मी पायरीवरूनच परत फिरले.