आठवी नक्षी

सोमवार, १५ सप्टेंबर

चि. उनाइसी,

तुला बुबू आजीचे आशीर्वाद, आणि तिकडे सुवा शहरातल्या तुझ्या सरांना जे काही द्यायची पद्धत असेल ते.

इकडे झाडाच्या सालीचं कापड वाळतंय, माझे गुडघेही वाळतायत. हे लिहितेय पाद्रीबाई वासिती, म्हणून अक्षर सुंदर आहे. मजकूर माझा.

निरोप पोचला. शुक्रवारपर्यंत प्रबंध दुरुस्त केला नाहीस तर पदवी वर्षभर लांबणार. का, तर आपल्या गावच्या कापडावर तू सात नक्ष्या लिहिल्यास आणि सरांच्या त्या जुन्या पुस्तकात आठ आहेत! "आजीचं बोलणं हा संदर्भ होत नाही, लेखी दाखव," म्हणे. वा! साठ वर्षं मी साल कुटतेय, आणि ज्याला पपई धड चिरता येत नसेल तो मला मोजायला शिकवणार.

तूही शहाणीच. "बुबू, आठवी नक्षी 'पूर्वजांच्या आत्म्यांची वाट', घालून टाकू का?" असं मलाच विचारतेस?

खबरदार.

ते पुस्तक लिहिणारा पुस्तकवाला मी पाहिलाय. लाल नाकाचा. कुणी शिंकलं तरी वहीत टिपून घ्यायचा. एका कापडावर वाकून म्हणाला, "या तीन-तीन रेघा कसल्या?" शेजारी माझी सासू. मी नवी सून, वाळवणावर लक्ष ठेवायचं काम माझं. मी बसले होते गप्पा छाटत, आणि कोंबडी रंगाच्या वाडग्यात पाय बुडवून लग्नाच्या कापडावरून चालत गेली होती. सासूसमोर काय सांगू? म्हटलं, "आत्म्यांची वाट." त्या विद्वानाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूने पुढच्या कापडावर तीच नक्षी काढायला सांगितली.

इथे वासितीचा हात थांबलाय. "बुबू, माझ्या लग्नाच्या कापडावर तीच होती हो!" म्हणते. लिही गं बाई. संध्याकाळपर्यंत तूच गावभर सांगशील, माझी पायपीट वाचेल.

या गावात लग्नाचं कापड माझ्या शब्दावर चांगलं की वाईट ठरतं. उद्यापासून ठरणार नाही. सर मूर्ख, पुस्तकवाला मूर्ख, पण दोघांची गुरू मी. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता लेखी आहे. नक्ष्या सात. सरांच्या टेबलावर हे पत्र ठेव, आणि ते हसले तर हसू दे, पण आठवी लिहू नकोस.

सही येत नाही म्हणून अंगठा उठवते,

त्या पुस्तकातली खोटारडी,
तुझी बुबू मेरेसेइनी