अनन्याचं भगिनी मंडळ

३१ ऑगस्ट, रविवार

अनन्या सोरॉरिटीत गेली. आधी विचारलं नाही, झाल्यावर कळवलं. दुपारी मेसेज आणि फोटो — साठ-सत्तर मुली, एकसारखे पांढरे टीशर्ट, छातीवर ग्रीक अक्षरं, हिरवळीवरून पळत सुटलेल्या. त्यातली माझी लेक कुठली हे बघायला फोटो मोठा करावा लागला. हसत होती. असं हसताना मी तिला वर्षभरात पाहिलेलं नाही.

मी 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहिलं, फूल टाकलं. मग बसून राहिले. कशाचं अभिनंदन केलं मी?

प्रफुल्ल म्हणाला, "कॉलेजातल्या मुलींचा क्लब आहे यार. एकत्र राहतात, पिझ्झा खातात." नवऱ्याला सगळं सोपं वाटतं. असेलही सोपं.

काल महाराष्ट्र मंडळाचा गणपती झाला. मैत्रीण नेत्रानं ताट धरलं, मी नेहमीसारखी आरतीला मागच्या रांगेत उभी राहिले. पाय अजून दुखताहेत.

२ सप्टेंबर

नगरला आईशी बोलले. "सोरॉरिटी म्हणजे काय ग?" दमले होते. सोपं सांगावं म्हणून म्हटलं, "भगिनी मंडळ."

पलीकडून आईनं नाक ओढल्याचा आवाज. ती आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची बावीस वर्षं चिटणीस आहे. गुरुवारची प्रार्थना, दवाखान्यातल्या भेटी, कुणाकडे मयत झालं की त्या घरी डबा. "मला वाटलं होतं, पोर तिकडं सगळं विसरली," म्हणाली.

तिथल्या तिथे दुरुस्त करायला हवं होतं. उद्या सांगू म्हणून फोन ठेवला.

८ सप्टेंबर

उशीर झाला. काल नगरला पाळकसाहेबांनी उपासनेत अनन्यासाठी प्रार्थना केली. शोभनाबाईंची नात अमेरिकेत भगिनी मंडळात दाखल झाली आहे, तिच्या हातून तिथे सेवा घडो. आईनं रेकॉर्डिंग पाठवलंय. शेवटी एक बाई सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणते. ती आईच.

"त्यांचं मंडळ कुठल्या वारी भरतं?" आईनं विचारलं.

सोमवारी, म्हटलं. सोमवारीच भरतं.

एक अक्षर खोटं बोलले नाही. ही माझी जुनीच हातोटी.

२१ सप्टेंबर, रविवार

मराठी फेलोशिपची प्रार्थनासभा आमच्याकडे होती. राजारामकाका सगळ्यांत वडीलधारे. प्रफुल्लनं पुलाव वाढता वाढता त्यांना अनन्याचं सांगून टाकलं. काकांनी चमचा खाली ठेवला.

"त्यात शपथ असते, माहीत आहे ना? दार बंद करून, मेणबत्त्या लावून, वेदीसारखं टेबल मांडून. आणि शपथेचे शब्द आधी सांगत नाहीत."

"काका, तुम्ही कधी गेला होतात सोरॉरिटीत?" — प्रफुल्ल. सगळे हसले. काकाही हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उत्तरा, तू न वाचता कशावर सही करतेस का बाळा?"

करत नाही. हे काकांना माहीत आहे.

भांडी घासताना तेच डोक्यात. शपथच वाहू नका, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, असं आम्ही लहानपणापासून शिकलो. पण नागरिकत्वाच्या दिवशी मीही हात वर केला होता. ते शब्द आधी छापून दिले होते, घरी चारदा वाचले होते. एवढाच फरक? की देवाखेरीज कुणालाही जन्मभरासाठी असं कबूल होऊच नये? मग मी केलं ते काय होतं?

आणि माझा राग शपथेवर आहे, की मला विचारलं नाही यावर?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अनन्या आली नाही. गेल्या वर्षी दर शुक्रवारी धुण्याची पिशवी घेऊन यायची. आमचं मॉरिसव्हिल तिच्या कॉलेजपासून चाळीस मिनिटं, त्यामुळे यायला सोपं, असं आम्ही म्हणायचो. खरं कारण तिनं एकदाच सांगितलं होतं. डायनिंग हॉलमध्ये कुणाशेजारी बसायचं कळत नाही, म्हणून रूमवर सीरियल खाते.

आज फोनवर म्हणाली, "आई, दे सेव्ह मी अ चेअर." दुसरं काही नाही, खुर्ची राखून ठेवतात.

आमच्या चर्चमध्ये तिच्यासाठी कुणी खुर्ची राखली होती का? मी बघितलंसुद्धा नाही.

३ ऑक्टोबर

दिवसभर ऑफिसात औषधाच्या चाचणीचा डेटा तपासला. एका पेशंटची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. क्वेरी पाठवली — कृपया खुलासा करावा. माझ्यावर कुणी क्वेरी टाकत नाही.

५ ऑक्टोबर

नगरच्या भगिनी मंडळाचं पत्र आलं, व्हॉट्सॅपवर. आईचं वळणदार अक्षर, खाली एकतीस सह्या, दोन अंगठे. 'अमेरिकेतील प्रिय भगिनींनो, आमची अनन्या आता तुमच्या स्वाधीन आहे. ती लाजाळू आहे. तिला ताप आला की ती सांगत नाही.'

इंग्रजी करून अनन्याला पाठवलं. गंमत म्हणून वाच, लिहिलं.

तिनं ते सोमवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं ठरवलंय!

७ ऑक्टोबर

वाचलं. मुली रडल्या म्हणे. त्यांना वाटलं, आजीचंही इंडियात चॅप्टर, म्हणजे शाखा, आहे. एकीनं अनन्याच्या कपाळाला हात लावून पाहिला — ताप आहे का.

राजारामकाकांना हे कसं सांगू?

१२ ऑक्टोबर, रविवार

अनन्या सुट्टीला घरी आली होती. जेवण होईपर्यंत धीर धरला. मग विचारलं, शपथेचे शब्द सांगितले का?

"नो. इनिशिएशनलाच कळणार. पण गॉडचं नाव आहे त्यात, प्रेसिडेंट म्हणाली."

"कुठल्या देवाचं?"

"आय डोन्ट नो. जनरल."

प्रफुल्ल खोकला आला असं दाखवून किचनमध्ये गेला.

मी म्हटलं, जाऊ नकोस असं म्हणत नाही. पण न पटणारं काही आलं तर तिथे सांग — मी ख्रिस्ती आहे, हे मी म्हणणार नाही. उजळ माथ्यानं सांग.

ती ताटात बोटानं रेघा ओढत होती. "तू सांगतेस?"

"कुणाला?"

"नेत्रामावशीला. महाराष्ट्र मंडळात. आरतीला तू लिप्स मूव्ह करतेस, आई. मी पाच वर्षांची असल्यापासून बघतेय. आय थॉट दॅट्स हाउ वी प्रे देअर."

आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

खुलासा करावा.

चौदा वर्षांपूर्वी इथे आलो. कुणी ओळखीचं नव्हतं. नेत्रा दारात पोहे घेऊन आली, पुण्याची आहे म्हणाली, दुसऱ्या आठवड्यात मंडळात घेऊन गेली. आमचं जाधव आडनाव ऐकून लोक आपलं आपणच काय ते ठरवतात. मी कधी खोटं बोलले नाही. दुरुस्त केलं नाही, इतकंच. रविवारी सकाळी कुठे असता ग? — बाहेर. नाताळचं झाड? — अनन्याच्या हौसेसाठी. ख्रिस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न कुठला येतो, हे मला नगरच्या शाळेपासून ठाऊक आहे. तो चुकवायला मागची रांग.

माझ्यासाठीही नेत्रानं खुर्ची राखली होती. आणि मी लेकीला सांगते, उजळ माथ्यानं.

७ नोव्हेंबर

उद्या अनन्याचं इनिशिएशन, शपथेचा दिवस. उद्याच मंडळाची दिवाळी. अनन्याला फोन केला.

"तू तिथे सांग, मी इथे सांगते," म्हटलं.

"रिअली? नेत्रामावशीला?"

"हो."

"डील," म्हणाली.

प्रार्थना केली, पण तिच्यासाठी की माझ्यासाठी, सांगता येणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

वेळ मी निवडली नाही. नेत्राच मागच्या रांगेत आली, हातात आरतीचं ताट. "कायम मागे उभी असतेस. या वर्षी तू धर."

म्हटलं, "नेत्रा, मला नाही धरता येणार. आम्ही ख्रिस्ती आहोत. पहिल्यापासून."

ताट तिच्या हातातच राहिलं. तेल जरासं हिंदकळलं. "अच्छा," म्हणाली. "अच्छा, अच्छा." मग, अगदी मायेनं, "म्हणजे मूळचे कोण ग तुम्ही?"

आलाच. तेही सांगितलं.

"अगं, त्यात काय, आम्ही नाही मानत तसलं," म्हणाली आणि ताट घेऊन पुढे गेली. जेवताना तिच्या टेबलाशी सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. गर्दी होती, मुद्दाम नसेल. प्रफुल्लनं दाराजवळ दोन जागा धरल्या होत्या. तिथे बसून करंजी खाल्ली.

वाईट वाटलं. तरी छातीवरचं काहीतरी उतरलं. अनन्याला कधी एकदा सांगते असं झालंय. पण आधी तिचं ऐकू दे.

९ नोव्हेंबर

सकाळी अनन्याचा मेसेज.

'सॉरी आई. एक लाइन मला म्हणायची नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी फक्त लिप्स मूव्ह केले. तू नेत्रामावशीला नसशील सांगितलं तर इट्स ओके. आय गेट इट नाऊ.'

मी सांगितलं, हे कळवलं तर ती एकटी पडेल. नाही कळवलं, तर मी पुन्हा मागच्या रांगेत.