उलटी पावलं

प्रिय आई,

बाळाचं डोकं अजून वरच आहे, बूड खाली. सुईणीने पोट चाचपून सांगितलं, "बाळंतपण गावात नको, मॉन्ट्रियललाच जा." सीलच्या कातड्याचे बूट शिवणाऱ्या अलाशी मावशीने सुई माझ्यावरच रोखली. "पोटुशी उलटी चालली की बाळ उलटं येतं. चाललीस ना गं, वेडे?"

मी म्हटलं, "वारा तोंडावर होता."

खरं तर तुला तिथल्या इस्पितळात नेणारं विमान दिसेनासं होईपर्यंत मी घराकडे उलटी चालत राहिले. कळलं तर तू स्वतःलाच बोल लावशील, म्हणून हे पत्र टाकत नाही.

उद्या मावशी मला विमानात बसवणार आहे. "मागे बघायचं नाही," असं तिने बजावलंय.

मागे कशाला बघू? या वेळी तू पुढे आहेस.

तुझी,
सियासी