खिडकीखालचं इंजिन

११ नोव्हें. ८६
सुमीला परत धाप. नऊ वर्षांची पोर, छातीत शिट्टी वाजते. खिडकी लावली तर कोंडतं, उघडली तर धूर. रेल्वे यार्डातलं डिझेल इंजिन आमच्या क्वार्टरला खेटूनच उभं असतं. काम नसलं तरी धडधड चालूच. धुतलेल्या चादरी काळ्या. ह्यांना विचारलं, "बंद का नाही करत?" म्हणे, "बॅटरी मेलीय गो. बंद केला तर परत चालू होवचा नाय."
इंजिन चालवतात हेच. भांडू कोणाशी?

१४ नोव्हें.
डॉ. म्हणाले, जागा बदला. वा! क्वार्टर नोकरीचं, नोकरी इंजिनावर. शेजारच्या शांताबाईंना घेऊन प्रदूषणाच्या ऑफिसात अर्ज दिला. नाव त्यांचं घातलं. ह्यांना बोलले नाही.

२ डिसें.
तपासनीस आला. भला माणूस. धूर बघितला, रुमाल नाकाला. "बाई, आमचा कायदा कारखान्याच्या धुराड्यापुरता. हे चाकांवरचं, त्यात रेल्वेचं. ह्याला नियमच नाही."
"मग माझ्या पोरीने श्वास कुठल्या नियमाने घ्यायचा?"
चहा पिऊन गेला बिचारा. मेला नियम!

९ डिसें.
सकाळी सुमीचे ओठ निळे. खिडकीतून बोंबलले, अहो, बंद करा ते! ह्यांनी केलं. पहिल्यांदाच. इतकं शांत, की खालच्या नळाची धार ऐकू आली. औषध दिलं, पोर सावरली. मी रडून घेतलं.
दुपारी इंजिन चालूच होईना. मालगाडी अडकली, साहेब धावत आले. वाट लागली.

१२ डिसें.
ह्यांना चार्जशीट. परत बंद केलं तर घरी बसा. शांताबाई म्हणतात, "बरंय की गं, नोकरी गेली की क्वार्टर जाईल, धुरातूनपण सुटलात." थट्टाच ती. मला हसू आलं नाही. भांडुपच्या वन्संना विचारलं, सुमीला ठेवाल का थोडे दिवस? खोली एक, माणसं भरलेली. सुमीसाठी खाऊ बांधून दिला, तेवढंच. त्यांचं तरी काय चुकलं.

१५ डिसें.
बॅटरी मागवलीय म्हणे. कधी येणार, देव जाणे. तोवर दुसऱ्या इंजिनाची बॅटरी जोडून चालू केलेलं इंजिन खिडकीखाली, चालूच. हे वर बघतच नाहीत आता. जेवतानाही मान खाली.
आज सुमीला उबळ आली तशी तोंडावर उशी दाबून घेतलीन. मी धावले, काय करतेस गं?
"आई, खिडकी लाव ना. बाबांना ऐकू गेलं तर परत बंद करतील."
लावली.