खालची मूठ

सोमवार, ३ तारीख

दुपारी सुखरूप पोचलो. बसमधून उतरल्यावर आधी सामान मोजले. गोणपाटात गुंडाळलेली मोठी करवत, दोन कानशी, पाचरींची पिशवी, माझी गोळ्यांची डबी आणि पैलवान. पैलवान म्हणजे माझा जोडीदार. अंगावर छटाकभर मांस नाही म्हणून पैलवान. बेचाळीस वर्षे आमच्या करवतीला एका टोकाला मी आणि एका टोकाला तो. काळजी मी करायची आणि चेष्टा त्याने करायची, अशी आमची वाटणी आहे.

ही वही मुलीने दिली. बाबा, तुम्ही फोनवर ठीक आहे एवढंच म्हणता, रोज चार ओळी लिहा, परत आल्यावर मी वाचीन, म्हणाली. वर हेही म्हणाली की तुम्ही कुलूप लावता आणि मग कुलपाला ताप तर आला नाही ना, हे बघायला तीनदा परत जाता. माझे शिक्षण चौथीपर्यंत. चूकभूल द्यावी घ्यावी.

लाकडाची वखार गावाबाहेर आहे. मॅनेजरने किल्ल्या दिल्या आणि घाईघाईने निघून गेला, शनिवारी येतो म्हणाला. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, बाहेर नळ. पाणी गोड आहे. ओंडका इतका जाड की कुठल्याच मशीनवर चढत नाही, हातानेच चिरायचा. महिनाभराचे काम. दोन वर्षांनी असे काम मिळाले. पैलवान म्हणाला, बघ, मशीनने हात टेकले तेव्हा म्हातारे आठवले. दोघेही हसलो. मला ठसका लागला.

मंगळवार, ४ तारीख

मुलीला कळावे म्हणून काम कसे चालते ते लिहितो. जमिनीत दीड पुरुष खोल खड्डा आहे, विटांनी बांधलेला. त्यावर ओंडका आडवा टाकला आहे. एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, एक खाली खड्ड्यात. करवत फक्त ओढायची असते, ढकलायची कधीच नाही. तो ओढतो तेव्हा मी हात सैल सोडतो, मी ओढतो तेव्हा तो. मुठीतून समोरच्याचे सगळे कळते. त्याचा गुडघा दुखतोय, तो चिडलाय, त्याला तहान लागलीय. बोलायची गरज नाही.

खाली डोळ्यांत भुसा जातो म्हणून आम्ही आठवड्याची पाळी लावतो. या आठवड्यात खाली उतरायची पाळी माझी होती. शिडीवरून वाकून पाहिले तर गुडघे लटपटले. पैलवानाने माझे तोंड पाहिले आणि म्हणाला, राहू दे, वरचा मजला तुझा, तळमजला माझा. आणि उतरला. मला लाज वाटली. खरे सांगायचे तर बरेही वाटले.

खड्ड्याच्या एका भिंतीला तळाशी कमरेएवढी कमान आहे. आत अंधार. तिथून गार वारा येतो, झकास आहे, म्हणाला. मी म्हटले, घामेजल्या अंगाने तिथे बसू नकोस, पाठ धरेल.

बुधवार, ५ तारीख

एक फळी निघाली. सूत मारल्यासारखी सरळ. पैलवानाने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, अजून जीव आहे रे आपल्यात.

संध्याकाळी गावात चहाला गेलो. वखारीत उतरलोय म्हटल्यावर चहावाल्याचा हात थांबला. किती जण आहात, विचारले. दोघे, म्हटले. ग्लास पुढे ठेवत म्हणाला, दोघं आलात ना आजोबा, मग दोघं आहात तोवरच जा. पैलवान म्हणाला, उधारी मागतील म्हणून घाबरलाय. मला मात्र चहा गोड लागला नाही.

शुक्रवार, ७ तारीख

काल लिहिता आले नाही. दवाखान्यात आहे. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला, एकोणीस टाके. उजव्याने लिहितो आहे. झाले तसेच लिहितो, नाहीतर मलाच पटणार नाही.

काल भर दुपारी ओढ बदलली. पैलवान ओढीच्या शेवटी हलकासा झटका देतो, बेचाळीस वर्षांची खोड. तो झटका गेला. ओढ सपाट झाली, न दमणारी. तासभर पाणी मागितले नाही. मी हाक मारली तर खालून फक्त, ओढ, असे आले. मी मूठ सोडून वाकलो. मी सोडली तरी करवत चालूच होती. तिनेच हात फाडला.

खाली मुठीवर कोणी नव्हते. पैलवान कमानीत होता. कमरेपर्यंत आत गेलेला, पालथा, बोटांनी विटा धरून. ओरडत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी शिडी कसा उतरलो माहीत नाही. ज्या गुडघ्यांनी पाळी चुकवली ते गुडघे तेव्हा लटपटले नाहीत. मी त्याचे दोन्ही हात धरले. तो म्हणाला, तुझ्या हाताला किती लागलंय रे. आणि हात निसटले. माझ्याच रक्ताने निसटले.

मग आतून त्याचा आवाज आला, एकट्याचं काम नाही, माणसं आण.

गावात धावलो. दोरखंड आणि दोन दणकट माणसे द्या, एका तासाचे काम आहे, म्हणून दारोदार हात जोडले. जोडताना रक्त गळत होते. एका बाईने वाळत घातलेले कपडे ओढून घेतले आणि दार लावले. खिडकीआडून कोणी म्हणाले, आजोबा, साडेचारची बस आहे. चौकीतल्या हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिले, पण कागद पुढे ओढला नाही. चहावाल्याने फळी खाली केली. आतून रडवेल्या आवाजात म्हणाला, मी सांगितलं होतं ना हो तुम्हाला.

नर्सबाईंनी टाके घातले. त्यांनीच सांगितले. चार वर्षांपूर्वी असाच एक जण आला होता, डोके फुटलेला, भाऊ आत अडकलाय म्हणत. तिघे त्याच्याबरोबर गेले. चौघांपैकी कोणी परत आले नाही. तिघांतले एक बाईंचे मिस्टर. तेव्हापासून वखारीतून जो येईल त्याची मलमपट्टी करायची, जेवू घालायचे, बसमध्ये बसवायचे. पण तिकडे कोणी जायचे नाही.

शनिवार, ८ तारीख

मॅनेजर आला नाही. फोन बंद.

दुपारी खड्ड्यापाशी गेलो. पैलवानाचा आवाज! कमानीतून, अगदी स्पष्ट. जिवंत आहे. डब्याला दोरी बांधून पाणी सोडले, डबा रिकामा वर आला. मी रडलो. तो म्हणाला, किती जण येतायत? मी म्हटले, प्रयत्न करतोय रे. तो म्हणाला, लवकर कर.

पुन्हा दारोदार फिरलो. आज दारे आधीच बंद होती.

रविवार, ९ तारीख

पट्टी बदलताना बाईंनी विचारले, आतून ते तुमच्या हाताचं विचारतात का? मी रागावलो. माणूस तिकडे मरणाच्या दारात आहे आणि माझ्या हाताचे काय घेऊन बसलात, म्हणालो.

पण दुपारभर खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. मुद्दाम कण्हलो. त्याने विचारले नाही. मला लाकडाची साधी कूस लागली तर माझा अंगठा तोंडात धरून दातांनी काढायचा आणि वर शिव्या घालायचा तो. आज पाच वेळा विचारले, किती जण येतायत. पाचही वेळा एकाच सुरात.

मग माझा पैलवान कुठे आहे?

सोमवार, १० तारीख

आज कमानीतून दुसरा आवाज आला. जाड, पुरुषाचा. म्हणाला, माझ्या बायकोला आण, ती सुया टोचते.

माझे डोके ठिकाणावर नव्हते. मी जाऊन बाईंना सांगितले. का सांगितले. त्यांच्या हातातली कात्री पडली. आवाज कसा होता, खोकत होते का, एवढेच विचारत राहिल्या. काल मला शहाणपण शिकवणारी बाई — आज दोरखंड शोधत होती. चहावाल्यालाही तयार केले, त्याच्या मेहुण्यालाही. उद्या दहाला निघायचे.

चार दिवस मी हेच मागत होतो. आता मिळाले.

मंगळवार, ११ तारीख

तिघे दवाखान्याच्या दारात उभे होते. दोर, बॅटरी, पहार. बाईंनी नवी साडी नेसली होती.

मी खोटे बोललो. म्हणालो, पैलवान गेला, मी प्रेत पाहिले. आवाज बिवाज काही नाही. तुमच्या मिस्टरांचे मी रचून सांगितले, तुम्ही यावे म्हणून.

चहावाल्याने माझी गचांडी धरली. म्हाताऱ्या, लाज नाही वाटली, बाईच्या जखमेवर मीठ चोळताना? मी म्हटले, नाही वाटली. बाई आत गेल्या. वाटले आता येणार नाहीत. आल्या, पट्टी घेऊन. माझा हात मांडीवर घेऊन बदलली. हळू, टाक्याला धक्का न लावता.

साडेचारच्या बसमध्ये बसवले. बसमध्ये शेजारची जागा रिकामी. करवतही नाही.

बुधवार, १२ तारीख

पहिल्याच थांब्यावर उतरलो होतो. रात्र तिथल्या बाकावर काढली. सकाळी चालत आलो. आता ऊन डोक्यावर आहे. खड्ड्याच्या काठावर —

तो आवाज विचारतोय, किती जण. मी म्हटले, कोणी नाही. मीही नाही. निरोप घ्यायला आलोय.

मग दुसरीकडून — खूप आतून, खोल, जेमतेम — गाढवा, तू अजून इथेच? घरी जा. कोणाला आणू नकोस. तू पण येऊ नकोस. जा, नाहीतर लाथ घालीन.

हा तो आहे. बाकी सगळे ये म्हणतात. जा म्हणणारा तो एकटा.

सहा दिवस तिथे आहे. माझ्या पाळीवर.

पोरी, रागावू नकोस. ही वही ज्याला मिळेल त्याने माझ्या मुलीला पोचवावी, पत्ता मागच्या पानावर आहे. नर्सबाईंना काही सांगू नका. आणि इथून माझी हाक ऐकू आली, कितीही केविलवाणी, रक्ताचे हात जोडून मारलेली, तरी येऊ नका. मी हाक मारणार नाही. मी ठरवले आहे.

एक पाय शिडीवर आहे. तो ओरडतोय, शिव्या देतोय, वर हो म्हणतोय — रडतोय — इतक्या वर्षांत कधी रडला नव्हता — अरे आलो, थांब, उजवा हात धड आहे माझा, तू फक्त तुझा