गुणवंतीच्या नावाचा कौल

३ डिसेंबर १९३१
प्रकाशकांनी कादंबरीचे शेवटचे प्रकरण परत पाठवले, म्हणून ही रोजनिशी लिहिणे भाग पडले. देवीला कौल लावण्याचे वर्णन ऐकीव वाटते, असा त्यांचा शेरा. बी. ए. होऊन तीस वर्षे झाली. त्यांतली अठ्ठावीस मुलींच्या निबंधांवर असेच शेरे मारण्यात गेली. शेरा योग्य असेल तर मानावा. म्हणून रत्नागिरीहून मोटारीने खाडीपर्यंत आणि पुढे बाबल्या नावाड्याच्या तरीतून, म्हणजे उतारू नेणाऱ्या होडीतून, या गावी आले. घर झकास आहे. स्वच्छ विहीर, अंगणाभोवती चिऱ्याचा गडगा, समोर खाडीचे पाणी. स्वयंपाकाला हौसा येते. कुळथाचे पिठले उत्तम करते. मला नवरा नाही, मूल नाही, हे कळल्यावर तिने विचारले, मग एवढं लिवून ठेवताव ते कोणासाठी? मी पुष्कळ हसले.

५ डिसेंबर
देवळात जाऊन केरू गुरवाकडून रीत समजून घेतली. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्याला माझ्या गुणवंतीची गोष्ट सांगितली. तिचा नवरा आनंदा गलबतावर गेलेला. सात वर्षे ती देवीला विचारते, तो परत येईल का. चौदाव्या प्रकरणातच तो बुडाला, हे वाचकांना ठाऊक आहे, तिला नाही. शेवटी ती देवीकडे पाठ फिरवते. केरू म्हणाला, बिचारीला ताटकळत ठेवलंत तुमी, नि बोल देवीला व्हय? उत्तर चोख होते. कादंबरीत देव बोलत नाही, लेखक बोलतो, असे मी त्याला समजावले.

७ डिसेंबर
आज कौल लावून घेतला. विचारणारीचे नाव सांगावे लागते. मला स्वतःला देवीकडून काही नको होते, म्हणून गुणवंतीचे नाव दिले आणि तिचाच प्रश्न. जन्माला न आलेल्या माणसाचे नाव देवीपुढे नको, म्हणून केरू अडून बसला. मी दरडावले, तेव्हा त्याने गाऱ्हाणे घातले. अर्धा तास झाला, तरी एकही पाकळी हलली नाही. केरूचा चेहरा उतरला. कौल मिळेपर्यंत विचारणारीने गावाची शीव ओलांडायची नसते, असे तो म्हणाला. ती पुस्तकात आहे, तिथून कुठे जाणार, असे मी म्हटले. हात तुमी जोडलाव, बाय, एवढेच तो बोलला.

९ डिसेंबर
टिपणे पुरी झाली. सकाळी परत निघाले. भर भरतीला, खाडीच्या मध्यावर, बाबल्याची तर थांबली. बाबल्याने काठी घातली. ती तळाला लागेना, तरी तर रुतल्यासारखी जागेवर. बाय, पेटीत धोंडे भरलाव काय, असे एका कोळणीने विचारले आणि सगळे हसले. मग कोणी हसेना. माघारी वळवताच तर आपोआप सुटली.
मी उतरले. तर माझ्याशिवाय सुखरूप पलीकडे गेली.

१० डिसेंबर
सकाळीच सड्यावरून, गावामागच्या उघड्या कातळावरून, पायी निघाले. ऊन पाठीवर ठेवून सरळ पश्चिमेला. शिवेचा धोंडा मागे टाकला, त्याला स्वतः हात लावून पाहिला. पुढे दोन तास चालले. उतार लागला, झाडी लागली, खाली देऊळ दिसले.
हेच देऊळ.
पाकळ्या तशाच. चौथा दिवस, तरी ओल्या.

१२ डिसेंबर
रडत बसणे माझ्या स्वभावात नाही. प्रश्न माझ्या पुस्तकातला आहे, तर उत्तरही मीच देईन. सकाळी बसून नवे प्रकरण लिहिले: डावी पाकळी पडली, आनंदा येणार नाही. शाई वाळायच्या आत केरू धावत आला. कौल मिळाला, आता खुशाल जा, म्हणाला.
कोणता, मी विचारले.
उजवा.

१३ डिसेंबर
पेटी भरून तयार आहे. हौसा सांगत आली, तरीपाशी एक गडी उभा आहे. अंगावरून पाणी निथळतंय, वाळतच नाही. गुणवंतीचं घर विचारतोय.
डाव्या हाताची करंगळी नाही.
आनंदाची ती मी तिसऱ्या प्रकरणात तोडली होती.
बाबल्याने त्याला हे घर दाखवले. गुणवंतीच्या नावाने कौल कोणी लावला, हे गावाला माहीत आहे —

त्याच दिवशी, दुपार
दार लावून घेतले. बाहेरून हौसा थट्टा करते आहे, नवरा नाय म्हणालाव, आता घोव आला नि दार कसलं लावताव! तिला त्याचा वास येत नाही का —
गुणवंतीच्या तोंडी सात प्रार्थना मी लिहिल्या. एकीचीही ओळ आठवत नाही.

१४ डिसेंबर
उंबऱ्याखालून पाणी येते आहे. खारट.
केरूला खिडकीशी बोलावले. म्हटले, गुणवंती या कागदांत आहे, ती त्याला दे. केरू म्हणाला, त्याला कागद नकोत, बाय. देवीपुढे जोडलेले हात हवेत —

दिले ते असे.
हस्तलिखित, पाने तीनशे बारा. खिडकीच्या गजांतून. त्याने पाहिलेही नाही.
चष्मा. घेतला, खाली टाकला.
उजवा हात. गजांतून. सोडत नाही.
हे डाव्या हाताने लिहिते — पाणी गुडघ्याला — केरू, गाऱ्हाणे घाल, या वेळी माझ्या नावाने, माझे नाव